केनवडच्या संघाची सावड

केनवड
६ डिसेंबर १९५४

चि. सौ. रुख्मिणीला दादाचे आशीर्वाद. इकडे सारे खुशाल आहेत. तुझी वहिनी गोजरा बरी आहे, लाल गाय व्याली, कापूस यंदा बरा आहे. हे सगळं सांगून झालं, आता मुद्द्याचं लिहितो.

आपला कबड्डीचा संघ ब गटात पहिला आला! आठवतं का, पाच वर्षांपूर्वी मी खळ्याशेजारी वखर फिरवून पहिलं मैदान आखलं तेव्हा तू माहेरी आली होतीस. "दादा, हे मैदान आहे की गव्हाचा वाफा?" असं विचारून हसली होतीस. हसायलाच हवं होतं. त्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकला नाही. तांड्यावरची पोरं बांधावर बसून आमची फजिती बघायची. एकदा मी चिडून म्हटलं, "हसता कायले? या ना खेळायले!" तर त्यातला हरिसिंग नावाचा पोरगा उठला, धोतर खोचलं, आणि एका दमात आमचे चार गडी बाद करून परत बांधावर जाऊन बसला. तेव्हापासून संघात तीन गडी गावचे आणि चार तांड्याचे. तांड्याचा पुढारी सोमला नाईक तर दर सामन्याला येतो.

पण तांड्याची पोरं सडकेच्या कामावर गिट्टी फोडतात. एक खाडा झाला की मुकादम नाव कापतो. मग खेळायचं कसं? त्यावर आम्ही गावची रीत लावली. पेरणीला जशी सावड करतो, आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या, तशीच. हरिसिंग सामन्याला गेला की गावातला कोणीतरी त्याच्या जागी गिट्टी फोडतो. मुकादमाला हात मोजायचे असतात, तोंड कोण बघतो?

आता घोर असा की, अकोल्याच्या विजय संघाने तक्रार केली आहे. केनवडचे खेळाडू म्हणे धंदेवाईक आहेत. तुमच्या त्या वऱ्हाड हौशी कबड्डी मंडळाची नोटीस आली. खाली सही कोणाची? चिटणीस, बबनराव! म्हणजे आमचेच जावई. आरोप खरा ठरला तर संघ कायमचा बाहेर, खोटा ठरला तर आम्ही अ गटात. रुखमे, तू त्यांच्या कानावर एक शब्द घाल. पाच वर्षांची कमाई आहे गं माझी.

तुझा
इंद्रभान


अकोला
१४ डिसेंबर १९५४

ती. दादाला रुखमीचा नमस्कार. गाय व्याली हे वाचून आनंद झाला. गोऱ्हा झाला की कालवड, ते मात्र लिहिलं नाहीस. कबड्डीपुढे सुचलं नसेल.

मी यांच्या कानावर काहीही घालणार नाही. तुला तुझे जावई माहीत नाहीत. दिवसा शाळेत मास्तर, संध्याकाळी मंडळाचे चिटणीस आणि घरी आल्यावर दोन्ही. गेल्या वर्षी सख्ख्या पुतण्याला गणितात नापास केलं आणि वर त्याच्याच घरी जाऊन जेवून आले. मी बोलले तर तुझं होणारं काम बिघडेल.

पण नियम काय आहे एवढं मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवला. खेळण्याच्या बदल्यात पैसा, धान्य किंवा वस्तू घेईल तो धंदेवाईक. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "आणि कुणी कुणाचं काम केलं तर?" त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "कामाचं नियमात काही नाही." मग चष्मा लावला आणि पान उलटलं. दादा, तुझ्या डोक्यात काही शिरलं का?

महिनाअखेरीला ते चौकशीला केनवडला येणार आहेत. माझं एवढं ऐक. त्या दिवशी ते जावई नाहीत, चिटणीस आहेत. सतरंजी टाका, चहा द्या, विचारतील तेवढंच सांगा. पाहुणचार नको, आहेर नको, गावाची बढाई तर मुळीच नको. वहिनीला नमस्कार.

तुझी
रुखमी


केनवड
२ जानेवारी १९५५

चि. रुखमे, काम फत्ते! अ गटात गेलोच म्हणून समज.

तुझं पत्र मी गोजराला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "रुखमाबाईले याड लागलं का? जवाई गावात येईन अन् आमी त्याईले निस्ता चा पाजू? उद्या लोकं माह्या तोंडात शेन घालतीन." तिचंही बरोबर आहे. जावई चार वर्षांनी गावात आले. चिटणीस म्हणून आले असतील त्यांच्या घरी.

ते मोटारीतून गावात न उतरता आधी सडकेच्या कामावर उतरले. मी सहज तिकडे गेलो होतो, म्हणून भेट तिथेच झाली. तिथून त्यांना वाजतगाजत आणलं. वेशीपाशी पायांवर पाणी, पुरणपोळीचं जेवण, मग चावडीत बैठक. चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी वही काढली आणि म्हणाले, "खेळाडूंना काय मिळतं?"

मग काय विचारतेस! जो तो पुढे. एक म्हणे माझा पोरगा हरिसिंगाच्या जागी गेला, दुसरा म्हणे माझा पोरगा मदनसिंगाच्या जागी. गावाला किती अभिमान वाटत होता ते तू बघायला हवं होतंस. पहिल्या वर्षी हीच माणसं नाकं मुरडायची की कुणब्याची पोरं तांड्याच्या बदली राबतात. आता सगळ्यांना सांगायचं होतं की आमचं गाव असं आहे.

शेवटी उकंडरावकाका उभे राहिले. म्हणाले, "जवाईबुवा, सावडीचं तं सोडाच. मी सोता दर आठवड्याले एकेका पोराले पायली-पायली जवारी देतो. पोरं खाईन तं खेळन!" चावडी गार झाली. काकांना तू ओळखतेस. पण कोणी हसलं नाही, कारण समोर जावई बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे खरं आहे?" आता मी काय म्हणणार? सत्तरीचा म्हातारा, भरली बैठक आणि पाहुण्यांसमोर त्याला खोटा पाडू? म्हटलं, "काका म्हणतात तर खरंच." त्यांनी ते नीट लिहून घेतलं. चांगल्या चार ओळी लिहिल्या.

निघताना धोतरजोडी, टोपी आणि नारळ दिला. नको नको म्हणत होते, पण सोमला नाईकाने स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. म्हणाला, "तुमी गावाचे जवाई, म्हनजे तांड्याचेबी." मग त्यांना नाही म्हणवेना. डोळे पाणावले होते गं त्यांचे. असा माणूस आपल्या विरुद्ध जाईल का?

तुझा
इंद्रभान

ता. क. कालवड झाली.


अकोला
९ जानेवारी १९५५

ती. दादा, माझं पत्र तू वाचलंस की चुलीत घातलंस?

नियमात धान्य आहे! सावड नियमात नव्हती, तेवढी एकच वाट होती आणि तिच्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून पायलीभर जवारी ओतली. आणि तीही कुणाची? उकंडरावकाकांची! ज्यांनी माझ्या लग्नात पाच सुपाऱ्यांचा आहेर केला आणि त्यातल्या दोन वरातीच्या आधी परत मागितल्या. तो माणूस आठवड्याला चार पायल्या जवारी देतो असं तू कबूल केलंस? दादा, दादा, काय म्हणू तुला?

आणि पाहुणचाराचं ऐक. हे मोटारीतून उतरले ते कपाळावर कुंकवाचा मळवट, खांद्यावर नवा दुपट्टा आणि काखेत धोतरजोडी अशा थाटात. स्टँडवर विजय संघाचा कप्तान उभा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या अकोल्यात बोभाटा झाला की चिटणीस धोतरजोडीला विकले गेले. यांच्या वीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी शिष्याकडून कधी पेरू घेतला नाही. पुढे दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

आणखी एक. तू सडकेवर "सहज" गेला होतास ना? काल रात्री जेवताना हे मध्येच थांबले आणि म्हणाले, "तुझा भाऊ उन्हात बसून गिट्टी फोडत होता. मला बघून हातोडा मागे लपवला. तळहात फोडांनी भरले होते." एवढंच बोलले आणि ताटावरून उठले. दादा, मला रडूच आलं. खेळणाऱ्या पोरांची सावड पोरं करतात असं मला लिहिलंस आणि तू स्वतः जातोस? या वयात? मला का सांगितलं नाहीस? मी हसले असते असं वाटलं का तुला?

अजून वेळ गेलेली नाही. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. काकांकडून लिहून घे की जवारीची गोष्ट त्यांनी फुशारकीत सांगितली. एक ओळ पुरे.

तुझी
रुखमी


केनवड
१५ जानेवारी १९५५

सौ. रुख्मिणीस.

काल ऐन संक्रांतीच्या दिवशी मोटारीच्या ड्रायव्हरने एक गाठोडं आणून दिलं. गोजराला वाटलं तू वाण पाठवलंस. हळदीकुंकवाच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर तिने ते सोडलं. आत धोतरजोडी, टोपी आणि नाईकाने दिलेला दुपट्टा. नारळही होता. चिठ्ठी नाही, काही नाही.

माहेरचा आहेर परत येतो तो कधी, हे तुला सांगायला नको. गोजरा स्वयंपाकघरात जाऊन बसली ती बायका जाईपर्यंत बाहेर आली नाही. नाईकाला मी काय तोंड दाखवू?

काकांकडून मी काही लिहून घेणार नाही. ज्याला आमचं धोतर टोचतं त्याला आमची जवारीही टोचू दे. संघ काढायचा तर काढा म्हणावं.

इंद्रभान


अकोला
२६ फेब्रुवारी १९५५

ती. दादा, तीन पत्रं पाठवली, तुझी एक ओळ नाही. हे चौथं. रागावून का होईना, पण शेवटपर्यंत वाच.

निकाल तुला कळलाच असेल. केनवडचा संघ धंदेवाईक ठरला. पण तिथे काय झालं ते नोटिशीत लिहीत नाहीत, आणि हे तर घरात चकार शब्द काढत नाहीत. मला खजिनदारांच्या मंडळींनी सांगितलं, सुनावणी त्यांच्याच घरी झाली आणि त्या आतल्या खोलीत चहा करत होत्या.

सुनावणी सुरू होताच विजय संघाचा कप्तान म्हणाला, "चिटणिसांनी बोलू नये, त्यांनी आहेर घेतला आहे." हे उठले आणि म्हणाले, "आहेर परत केला. पोचपावती म्हणून मोटारीच्या ड्रायव्हरला विचारा. आता माझं तोंड कुणी विकत घेतलेलं नाही, तेव्हा मी बोलणार." समजलं का दादा, तो आहेर कशासाठी परत आला? तुमची बाजू मांडता यावी म्हणून. मलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याशी महिनाभर भांडले, वहिनीसाठी रडले, तरी बोलले नाहीत. मला सांगितलं असतं तर मी तुला कळवलं असतं आणि मग तेही साटंलोटं झालं असतं, असा यांचा हिशेब.

मग ते पाऊण तास बोलले. सावड ही मजुरी नव्हे, शेजारधर्म आहे. आणि विजय संघाच्या सातही गड्यांना संघ चालवणाऱ्या शेटच्या जिनिंगमध्ये नोकरी आहे, त्यातल्या एकाने तरी कधी कापसाला हात लावलाय का, हेही विचारलं. त्यावर मोठा गोंधळ झाला. जवारीचं मात्र त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. लिहिलेलं लपवायचा त्यांचा स्वभाव नाही. मतं पडली, तुमच्या बाजूने एकच. मग यांनी चिटणीसपद सोडलं, शिक्का टेबलावर ठेवला आणि घरी येऊन मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत बसले.

आणखी एक वाईट ठराव झाला आहे. धंदेवाईक संघाशी जो खेळेल, किंवा त्यांच्या खेळात पंच म्हणून उभा राहील, तोही बाहेर.

आता तरी लिही. वहिनीला सांग, मी येईन आणि तिच्या पाया पडेन.

तुझी
रुखमी


केनवड
५ मार्च १९५५

चि. रुखमे, तुझं पत्र चारदा वाचलं. मी गाढव आहे. हे तू लहानपणापासून म्हणतेस, आता मी लिहून देतो. गोजरा म्हणाली, "पाया पडाचं माह्या नाई, जवाईबुवाच्या पडा लागन, तेबी तुमाले." आहेर पुन्हा पाठवू का? आता तर ते चिटणीस नाहीत.

काकांचं ऐक. निकाल कळला त्या दिवशी हरिसिंग, मदनसिंग आणि दोघं पोतं घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. "काका, जवाईबुवाले सांगतली ते जवारी न्यायले आलो. त्या जवारीपायी बाहेर पडलो, आता ते तं खाऊ द्या." सगळी आळी बघत होती. काकांना घाम फुटला, पण मागे कसे हटणार? मोजून दिली. आता दर आठवड्याला देतात आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. एवढं एकच काय ते बरं झालं.

बाकी सगळं बिघडलं आहे. रिसोडने निरोप पाठवला, खेळणार नाही. मालेगावचे कालपर्यंत गळ्यात गळे घालणारे आज बाजारात तोंड चुकवतात. त्यांचाही दोष नाही, आमच्याशी खेळले तर त्यांचा संघ जाईल. महिनाभर पोरं रोज मैदानावर येतात, अंगाला माती लावतात आणि आपापसात खेळून घरी जातात. समोर कोणी नसेल तर संघ कशाला म्हणायचं?

विजय संघाने हरिसिंगाला बोलावणं धाडलं आहे. जिनिंगवर चौकीदारी, राहायला खोली. मी त्याला म्हटलं, "जाय बाप्पा. तुह्या पायात दम हाये, माह्यापायी गिट्टी फोडत नको बसू." त्याचं अजून ठरलेलं नाही. गेला तर मी त्याला वाईट म्हणणार नाही, पण रात्री झोप येत नाही हेही खरं.

रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत सामने असतात. तिथे मंडळाचा शिक्का चालत नाही. तीन संघांनी यायचं कबूल केलं आहे. तिथे खेळ झाला तर संघ जगेल. नाही तर मी गोजराला सांगून ठेवलं आहे, आखाडात मैदानावर तूर पेरून टाकू.

तुझा
इंद्रभान


केनवड
४ एप्रिल १९५५

चि. रुखमे, पोहरादेवीहून काल आलो. घसा बसला आहे, अंग ठणकतं आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे.

तिन्ही संघ आले नाहीत. एक तर जत्रेत होता, मी त्यांच्या पोरांना नारळ फोडताना पाहिलं, पण मैदानाकडे फिरकले नाहीत. जत्रेचे दोन पंच होते, त्यांनाही कोणीतरी मंडळाचा ठराव सांगितला, तेही निघून गेले. आणि रुखमे, गर्दी किती! गावोगावचे तांडे बैलगाड्यांनी आलेले. गाड्यांवर चढून, झाडांवर बसून लोक वाट बघत होते. मध्ये चुन्याने आखलेलं मैदान आणि एका बाजूला आमची सात पोरं. समोर कोणी नाही. अर्धा तास गेला, एक तास गेला. लोक ओरडायला लागले. मी पोरांना म्हटलं, "चला, कपडे घाला. झालं आपलं."

तेव्हा सोमला नाईक मैदानात आला. म्हणाला, "इंद्रभान, काहून चाल्ला?"

"समोर कोनी नाई, नाईक."

"समोर कोनी नाई म्हनून खेळ मोडशीन? समोरचे आमी होतो." आणि त्याने हरिसिंगाकडे बघितलं.

हरिसिंग उठला आणि मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला. त्याच्यामागे मदनसिंग, मग उरलेले दोघं. गर्दीतून तांड्याची आणखी तीन पोरं आली. झाले सात. मी हरिसिंगाजवळ गेलो. म्हटलं, "अबे, हा सामना खेळला तं विजयवाले तुले घेनार नाईत." तो म्हणाला, "तिथं खेळाले गेलो तं चौकीदारीचं सोंग करा लागन. मले एकच काम येते दादा, सोंग नाई येत. अन् आज तं रामनवमी हाये. आज मजुरीबी नाई, सावडबी नाई. निस्ता खेळ." मग हसला आणि म्हणाला, "तुमचे चार गडी कमी हायेत. पाहा आता."

खरंच की! आमच्याकडे तिघंच उरले होते. राखीव तीन पोरं घेतली, तरी एक कमी. मग मी धोतर खोचलं. हसू नकोस. बेचाळीस वर्षांचा माणूस पहिली चढाई करायला निघाला, मध्यरेषा ओलांडली आणि तिथेच दम संपला. हरिसिंगाने मला उचलून इतक्या अलगद खाली ठेवलं, जसं कोणी झोपलेलं पोर ठेवतं. सगळी जत्रा हसली, मीही हसलो.

पण मधलं एक सांगायचं राहिलं. संघ दोन झाले, पण पंच कोण? ठराव सगळ्यांना माहीत. कोणी पुढे येईना. तेवढ्यात गर्दीतून धुळीने पांढरा झालेला एक माणूस चष्मा पुसत पुढे आला, खिशातून शिट्टी काढली आणि म्हणाला, "दोन्ही संघांनी आपल्या जागा घ्याव्यात." रुखमे, जावईबुवा कारंज्याला परीक्षेच्या कामाला गेले आहेत असं तुला सांगून गेले होते ना? ते कारंज्याला नव्हते.

मी म्हटलं, "बुवा, हे वाजवली तं तुमीबी बाहेर." ते म्हणाले, "वेळ होऊन राहिला आहे. रेषेच्या मागे व्हा." आणि वाजवली. मला एका चढाईत रेषेवर पाय पडला म्हणून बाद दिलं, जावई असून. बरोबर दिलं, पडला होता.

आम्ही हरलो. दोन लोण चढले आमच्यावर. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर जिंकलो त्यांनीच आम्हाला लोळवलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. खेळ संपल्यावर आसेगावची पोरं आली. म्हणाली, "आमच्यासंग खेळता का? आमी मंडळात कवाच नवतो, आमाले कोन काढन?" आणखी दोन तांड्यांनीही विचारलं आहे. गोजराला सांगितलं, तूर दुसरीकडे पेरू.

जावईबुवांवर आता काय येईल त्याचाच घोर आहे. खरं काय ते कळव.

तुझा
इंद्रभान


अकोला
१९ एप्रिल १९५५

ती. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

ते कारंज्याला गेले नव्हते हे मला त्या रात्रीच कळलं होतं. कारंज्याच्या परीक्षेला कुणी शिट्टी नेत नाही. मी काही विचारलं नाही, गरम पाणी काढून दिलं.

काल मंडळाची नोटीस आली. मी मुद्दाम जवळच बसले होते, म्हटलं मनाला लावून घेतील. वीस वर्षांत त्यांनी स्वतः लिहिलेले नियम, त्यांनी स्वतः बनवलेला शिक्का, आणि त्याच शिक्क्याखाली त्यांचं नाव. त्यांनी नोटीस वाचली. पुन्हा वाचली. आणि दादा, हा माणूस हसायला लागला! लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसतात आणि पुन्हा हसतात. मुलं धावत आली. मी घाबरून विचारलं, काय झालं? त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यात पंच म्हणून नाव नव्हतं. घाईत कुणीतरी सगळ्यांना एकाच ठरावात बसवलं होतं: "खालील धंदेवाईक खेळाडूंना कायमची बंदी", आणि हरिसिंग, मदनसिंग, तू, यांच्या पंगतीत बबनराव.

दादा, तुला माहीत नसेल, मलाही पुरतं माहीत नव्हतं. यांना लहानपणापासून दमा. चार पावलं धावले की छाती भरायची. गावात खेळ सुरू झाला की पोरं यांच्याकडे आपले सदरे द्यायची आणि हे झाडाखाली ते सांभाळत बसायचे. एकदाही कुणी म्हटलं नाही की ये, खेळ. म्हणून पुढे नियम पाठ केले, म्हणून शिट्टी घेतली. खेळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं म्हणून.

हे सगळं त्यांनी काल हसता हसता सांगितलं आणि मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "रुख्मिणी, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला खेळाडू म्हटलं."

नोटिशीला अपील करता येतं. मी विचारलं, करणार का? म्हणाले, मुळीच नाही.

मग रात्री उशिरापर्यंत येरझारा घातल्या आणि आज सकाळी शाळेला निघताना दारातून परत आले. स्वतः लिहायचा संकोच वाटतो म्हणून मला तुला विचारायला सांगितलं आहे. आसेगावशी सामना ठरला की केनवडच्या गड्यांची नावं लिहाल, तेव्हा शेवटी राखीव म्हणून त्यांचं नाव घालाल का? मैदानात उतरवू नका, त्यांना झेपणार नाही. नुसतं नाव.

तुझी
रुखमी